आळोखेपिळोख्यांसाठी दहा मिनिटे



पाचव्या तासिकेच्या सुमारास कोणत्याही वर्गाच्या दारातून जरा डोकावून पाहावे. कोणी मान चोळत असते, कोणी हात डोक्यावर नेऊन पाठ ताणते, कोणी लिहिता लिहिता थांबून बोटे मोडते. वर्गात आळोखेपिळोखे देणे हे आपल्याकडे आळसाचे, नाहीतर असभ्यपणाचे लक्षण समजले जाते आणि शिक्षकांची नजर पडताच मूल सावरून बसते. हिंदीत याच क्रियेला 'अंगडाई' असा मोठा गोड शब्द आहे. पण हिंदी शाळांतही तिच्या वाट्याला दटावणीच येते. (आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, म्हणून हे खात्रीने सांगू शकतो!) वास्तविक शरीर त्या क्षणी शहाणपणाचेच काही करू पाहत असते. मांजर झोपेतून उठले की आधी पुढचे पाय लांबवून पाठ ताणते आणि मगच चालू लागते. त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवला आहे. मधल्या सुट्टीच्या अगोदर रोज दहा मिनिटे, सहावी ते बारावीच्या सर्व वर्गांत, जागच्या जागी अंग ताणण्याचे व्यायाम व्हावेत, असा तो प्रस्ताव. त्यावर काही विश्वस्तांनी आणि दहावीच्या बऱ्याच पालकांनी हरकत घेतली आहे. हरकत घेणे हा त्यांचा हक्कच आहे आणि ती बिनबुडाची आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हिशेबच मांडायचा तर वर्षाचे २२० दिवस, रोज दहा मिनिटे, म्हणजे २,२०० मिनिटे. चाळीस मिनिटांची तासिका धरली तर पंचावन्न तासिका झाल्या. गणिताच्या शिक्षकाला पंचावन्न तासिका दिल्या तर ते काय काय करून दाखवतील, हे आम्हाला ठाऊक आहे! तेव्हा एवढा वेळ मागताना त्याचे कारणही तितकेच चोख द्यायला हवे.

मूल दिवसाचे पाच-सहा तास बाकावर बसते. त्यानंतर शिकवणी, त्यानंतर घरचा अभ्यास, आणि उरलेल्या वेळात मान खाली घालून मोबाईल. बसलेल्या स्थितीत जांघेतला स्नायू आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडलेल्या अवस्थेत राहतात. वहीवर वाकल्यामुळे छातीचे स्नायू आत ओढले जातात, आणि पुढे झुकलेल्या डोक्याचा भार पेलण्यासाठी मानेच्या मागचे व खांद्यांवरचे स्नायू तासन् तास अर्धवट आवळलेले राहतात. आवळलेल्या स्नायूतून रक्त मोकळेपणाने वाहत नाही. म्हणूनच काही ओझे उचललेले नसतानाही मान भरून येते. मजुराचे खांदे दुखतात ते कामाने, आपल्या मुलांचे दुखतात ते न हलल्याने. शाळेच्या प्रथमोपचाराच्या पेटीत पूर्वी आयोडीन आणि कापूस लवकर संपत असे, कारण मुले पडत असत. आता वेदनाशामक मलमाची ट्यूब आधी संपते. एवढ्या एका गोष्टीतूनही पुष्कळ काही कळते.

आता ताणल्याने नेमके काय होते? स्नायूंच्या आत अतिशय सूक्ष्म असे संवेदक असतात. स्नायू एकदम झटक्याने ताणला गेला की हे संवेदक मज्जारज्जूला इशारा देतात आणि स्नायू स्वतःच्या बचावासाठी उलट आकुंचन पावतो. म्हणून हिसके देत, उसळ्या मारत पायाचे अंगठे गाठू पाहणाऱ्या मुलाची मांडी अधिकच आवळते. तेच हळूहळू, श्वास सोडत ताण दिला आणि तिथेच काही क्षण थांबले, तर तो इशारा शांत होत जातो व स्नायू सैलावतो. रोज असे केल्यावर काही आठवड्यांत शरीर अधिक वाकू लागते. गंमत अशी की सुरुवातीच्या काळात स्नायू काही लांब झालेला नसतो. तेवढा ताण सहन करण्याची तयारी आपल्या मज्जासंस्थेने केलेली असते. लवचिकपणा हा निम्मा शरीराचा आणि निम्मा भीती सोडण्याचा भाग आहे, असे आम्हाला त्यावरून वाटते. क्रीडावैद्यकाचे जाणकार सांगतात की एका स्थितीत दहा ते तीस सेकंद थांबावे, तेच दोन ते चार वेळा करावे, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी करावे. रोज केल्यास उत्तमच. वयस्कांनी थोडा अधिक वेळ, तीस सेकंदांपासून मिनिटापर्यंत, थांबायला हरकत नाही.

शाळेत हे कसे करायचे, तेही सांगतो. मैदान नको, दऱ्या नकोत, गणवेश बदलणे नको. बाकावर ताठ बसून उजव्या हाताने बाकाची कड धरावी आणि डावा कान डाव्या खांद्याकडे झुकवावा; खांदा वर उचलू नये. मग दुसरी बाजू. दोन्ही हातांची बोटे पाठीमागे गुंफून खांदे मागे न्यावेत, छाती उघडावी. हात समोर लांब करून तळवा समोर, बोटे वर, आणि दुसऱ्या हाताने ती बोटे आपल्याकडे ओढावीत. तीन तास लिहिणाऱ्या परीक्षार्थीला याची किंमत कळेल. उभे राहून भिंतीला हात टेकावेत, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, पुढचा गुडघा थोडा वाकवलेला. मागची पोटरी ताणल्याचे लगेच जाणवते. शेवटी बाकाच्या कडेला बसून एक पाय समोर सरळ, टाच जमिनीवर, आणि पाठीचा कुबड न काढता कमरेतून पुढे झुकावे. प्रत्येक ठिकाणी मनात संथपणे वीस आकडे मोजावेत. सगळे दोनदा केले तरी सहा मिनिटे होतात. उरलेली चार मिनिटे उठण्या-बसण्यात आणि हसण्या-खिदळण्यात जातील, हे धरूनच आम्ही दहा मागितली आहेत.

मुलींच्या गणवेशाचा विचारही यात केला आहे. मुलामुलींच्या एकत्र वर्गात खाली वाकण्याचे प्रकार मुलींना संकोचाचे होतात, म्हणून तसा एकही प्रकार यात घेतलेला नाही. ज्या दिवशी एखाद्या मुलीला बरे वाटत नसेल, त्या दिवशी तिने नुसते बसून राहावे. कारण विचारले जाणार नाही.

पण या साऱ्यात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. या दहा मिनिटांत शिट्टी असणार नाही. 'एक-दोन-तीन-चार' असा पुकारा असणार नाही. कोण किती वाकले याची तुलना होणार नाही. आमच्या पिढीच्या आठवणी पाहा! शाळेत शरीर वाकवायचा प्रसंग प्रामुख्याने एकाच कारणाने येत असे: शिक्षा. अंगठे धरून उभे राहणे म्हणजे काय? मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंना ताण देण्याचाच एक प्रकार. पण अपमान करून, आणि वेदना होईपर्यंत. उठाबशांचे तेच, आणि हिंदी पट्ट्यातल्या 'मुर्गा' बनवण्याचेही तेच. मुलांना शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. कायद्याने शिक्षा थांबते, पण तिने शरीरावर उमटवलेला ठसा लगेच पुसला जात नाही. आज चाळिशीच्या पुढचे कित्येक लोक व्यायाम म्हटला की अंग चोरतात, त्यामागे शाळेतली ही आठवण असावी असे आमचे मत आहे. ताण जाणवावा, वेदना होऊ नये, ही या व्यायामाची पहिली अट आहे. ती पाळायची तर अंग कुठवर न्यायचे हे फक्त त्या मुलालाच कळू शकते. शिक्षकाला नाही, शेजारच्याला तर नाहीच. आणि म्हणून कोणीही कोणाच्या पाठीवर हात ठेवून दाबायचे नाही, असा नियम पहिल्याच दिवशी सांगितला जाईल.

एक विश्वस्त महोदय म्हणाले, "सर, योगदिन आहे, सूर्यनमस्कार आहेत, मग हे आणखी काय?" प्रश्न रास्त आहे. सूर्यनमस्कारांशी आपले नाते जुने आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा हिरिरीने प्रसार केला आणि आपल्या संस्थानातल्या शाळांमध्येही तो व्यायाम आणला. आपल्या मध्य प्रदेशात २००७ साली सामूहिक सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम सुरू झाला. आणि २१ जून हा योगदिन म्हणून पाळण्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये ठरवले. या सर्वांबद्दल आम्हाला आदर आहे. परंतु वर्षातून दोन सकाळी आकडा गाठण्यासाठी भराभर घातलेले नमस्कार आणि रोज भर दुपारी अवघडलेली मान सोडवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने दम वाढतो, अंगात ऊब येते. दुसऱ्यासाठी संथपणा लागतो. सूर्यनमस्कार सावकाश, प्रत्येक स्थितीत थांबत घातले तर त्यातही उत्तम ताण मिळतो, हे मान्य. पण एका वर्गखोलीत पन्नास मुलांना आडवे होण्यापुरती जागा विश्वस्तांनी दाखवावी, आम्ही उद्यापासून सुरू करतो!

योग श्रेष्ठ की साधे ताणाचे व्यायाम, हा वादही कधी कधी निघतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात जुनाट कंबरदुखीच्या २२८ प्रौढांवर एक अभ्यास झाला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना योगाचे वर्ग दिले, काहींना ताणाच्या व्यायामांचे वर्ग, आणि काहींना केवळ माहितीचे पुस्तक. बारा आठवड्यांनी पाहिले तर दोन्ही वर्गांतले लोक पुस्तकवाल्यांपेक्षा बरे होते, आणि योग व ताण यांच्यात फारसा फरक आढळला नाही. तेव्हा नावावरून भांडण्यात अर्थ नाही. नियमाने आणि कोणाच्या तरी सोबतीने करण्यात आहे. नुसते पुस्तक हाती देऊन भागत नाही, ही गोष्ट शाळेइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या टोकाला मल्लखांब आहे. पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्याला ऊर्जितावस्था आणली, तो हा खेळ २०१३ मध्ये मध्य प्रदेशाचा राज्य खेळ झाला. मल्लखांबावरची मुले पाहून पालक म्हणतात, "आमच्या बाळूला हे जमायचे नाही, त्याचे अंग ताठ आहे." पण बाळूला खांबावर कोण चढवतो आहे? त्याला फक्त दप्तर काखेत घेऊन मागे वळून पाहता यावे, बुटाची नाडी गुडघा न वाकवता सुटली तर सुटावी, एवढेच आमचे मागणे आहे. ज्यांचे अंग ताठ, त्यांनाच याचा अधिक उपयोग. उलट काही मुलांचे सांधे मुळातच फार सैल असतात, बोटे मागे वळतात, कोपर उलटे जाते. त्यांना वर्गात वाहवा मिळते, पण त्यांनी अधिक ताणू नये. त्यांना बळ वाढवण्याचे व्यायाम हवेत.

सातवी ते नववीच्या पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या वयात हाडे झपाट्याने वाढतात. खेळणाऱ्या मुलांची टाच मागच्या बाजूने दुखते, किंवा गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा येऊन दुखतो. तिथे वाढीचे मऊ हाड असते आणि आखडलेला पोटरीचा वा मांडीचा स्नायू आपल्या जाड बंधाने ते सतत ओढत असतो. घरी याला 'लाड', 'अभ्यासाचा कंटाळा' असे म्हणून उडवून लावतात. डॉक्टरांना एकदा दाखवावे. बहुधा ते खेळ थोडा कमी करायला आणि मांडी-पोटरी संथपणे ताणायला सांगतील. वाढ पुरी झाली की बहुतेकांचे हे दुखणे आपोआप थांबते.

आणि शिक्षकांचे काय? दिवसभर फळ्यापुढे उभे राहणाऱ्या आमच्या कित्येक शिक्षिकांना सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते. तळपायाचा पट्टा रात्रभर आखडलेला असतो. उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून तळवा ताणावा, मग पोटरी. रोज केल्यास काही आठवड्यांत आराम पडू लागतो. मधुमेह असलेल्यांचा खांदा जखडण्याचा संभव अधिक असतो. त्यांनी दुखते म्हणून हात गळ्यात बांधून ठेवण्याऐवजी डॉक्टरांच्या सल्ल्याने तो हलता ठेवावा. ही दहा मिनिटे वर्गावर असलेल्या शिक्षकांसाठीही आहेत, हे आम्ही शिक्षकखोलीत आधीच सांगून ठेवले आहे. सर्वांत मोठा होकार तिथूनच आला!

आता याच्या मर्यादा. ताणाचा व्यायाम म्हणजे रामबाण नव्हे. खूप दिवसांनी क्रिकेट खेळून दुसऱ्या दिवशी अंग आंबते, ते खेळाआधी किंवा नंतर ताणल्याने जवळजवळ कमी होत नाही. २००७ आणि २०११ मधल्या कॉक्रेनच्या आढाव्यांत हे दिसून आले आहे. शर्यतीच्या तोंडावर मिनिट-मिनिटभर पाय ताणत बसल्यास उलट पायातला जोर थोडा वेळ कमी होतो. त्यापेक्षा हलके धावून, हातपाय फिरवून अंग गरम करावे, आणि सावकाश ताणणे खेळानंतर करावे. मुंग्या येत असतील, कळ कमरेतून पायात उतरत असेल, सांध्याला सूज असेल, ताप असेल, दुखण्याने मूल रात्री जागे होत असेल, नुकतीच लचक भरली असेल, तर ताणू नये, डॉक्टरांकडे जावे. न्हाव्याकडून कडकन मान मोडून घेणे आणि उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणे, हे दोन्ही प्रकार आजही आपल्या वस्तीत चालतात. दुसऱ्याने निदान हसू तरी येते. पहिला धोक्याचा आहे, मानेतल्या रक्तवाहिन्यांशी आणि मज्जातंतूंशी खेळ करू नये. मनाने वेदनाशामक गोळ्या देणेही तसेच. रोजच्या गोळ्यांनी पोट आणि मूत्रपिंड बिघडते.

तसेच, दहा मिनिटे ताणले म्हणून दप्तर जड चालेल असे नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. चाळीस किलोच्या मुलाला चार किलो. पालकांनी एकदा घरच्या काट्यावर मूल आणि दप्तर दोन्ही तोलून पाहावे आणि आकडा वर्गशिक्षकांना कळवावा. वेळापत्रक कसे बदलायचे ते आम्ही पाहू.

राहता राहिली दहावी-बारावी. "निदान या दोन वर्गांना तरी वगळा," असे पालक म्हणतात. आमचे मत नेमके उलट आहे. एखादा वर्ग वगळायचाच असेल तर सहावीचा वगळा. ती मुले मधल्या सुट्टीत एवढी पळतात की त्यांना ताणाची गरज कमीच. बोर्डाची मुले सुट्टीतही बाकावरच असतात, वही उघडी ठेवून डबा खातात. जानेवारीनंतर ज्यांची मान धरते, ज्यांचे डोके मानेपासून ठणकू लागते, ती हीच मुले. आणि परीक्षेत तीन तास ज्याच्याने मान खाली घालून लिहवत नाही, त्याला त्या पंचावन्न तासिकांत शिकलेले कागदावर उतरवता तरी कसे येणार?

विश्वस्त मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत येत्या सोमवारपासून आठवीच्या दोन्ही तुकड्यांत आणि दहावीच्या एका तुकडीत हा प्रयोग सुरू होईल. मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटे आधी यावे, म्हणजे पालकांना व विश्वस्तांना तो पाहता येईल, आणि इच्छा असल्यास मागच्या बाकावर बसून करताही येईल. ज्यांच्या मुलाला सांध्याचा, हाडाचा किंवा पाठीच्या कण्याचा काही त्रास आहे, त्यांनी तसे शुक्रवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे लिहून द्यावे. बाकांच्या उंचीचा प्रश्न वेगळा आहे. सहावीची आणि बारावीची मुले एकाच मापाच्या बाकांवर बसतात, त्याच्या खर्चाचा अंदाज कोषाध्यक्षांकडे दिला असून त्याविषयी पुढील अंकात लिहू.

— प्राचार्य